एक मत जास्तीचं

दिवाळीच्या आधी माळा झाडायचा म्हणजे आमच्या घरी दोन दिवसांचं काम. बेळगुंदीतलं आमचं घर जुनं, कौलारू. माळ्यावर काय नाही? रताळ्याची पोती, मोडका पाळणा, तांब्याचा बंब आणि मामंजींची पत्र्याची ट्रंक. ती ट्रंक दरवर्षी मी फडक्यानं पुसते आणि परत जागेवर ढकलते. यंदा नातीनं हट्ट धरला, "आज्जी, उघड की गे. आत काय हाय?"

आत काय असणार? जमिनीचे जुने उतारे, सोसायटीच्या पावत्या, हुतात्मा दिनाची पत्रकं, लग्नपत्रिका आणि अगदी तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली एक पावती. रक्कम रुपये पाचशे. साल १९९६.

"हे कसलं?"

"तुझे पणजोबा खासदारकीला उभे होते, त्याचं डिपॉझिट."

तिचे डोळे मोठे झाले. "निवडून आले?"

"नाही गे. डिपॉझिट गेलं."

ती खो खो हसली. मीही हसले. पण त्या दिवशी काम तसंच राहिलं आणि मी पावती हातात घेऊन माळ्याच्या शिडीवर बसून राहिले. आमच्या सीमाभागातली कितीतरी घरं अशीच एखादी पावती, एखादं पत्रक, एखादा फोटो जपून आहेत. बाहेरचे लोक विचारतात, तुमची ती महाराष्ट्र एकीकरण समिती म्हणजे नेमकं काय? पक्ष म्हणावा तर आमदार नाहीत, चळवळ म्हणावी तर निवडणूक लढवते. त्याचं उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा आमच्या माळ्यावर लवकर सापडेल असं मला वाटतं.

गोकाकची सून

आधी माझी ओळख सांगते. मी जन्मानं कन्नड. माहेर गोकाक. वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, गिरणीत कामाला. १९९० साली लग्न होऊन मी बेळगुंदीत आले. आमच्या मंडळींना उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी होती. घरची थोडी शेती, भात आणि रताळ्याची. मामंजी गावातले समितीचे जुने कार्यकर्ते.

आता वाचकांना वाटेल, समितीच्या घरात कन्नड सून कशी काय? आपल्या भागात यात नवल काही नाही. सोयरीक जुळवताना जात बघतात, जमीन बघतात, मुलाची नोकरी बघतात. भाषा सर्वांत शेवटी. शिवाय बेळगावच्या बाजारात दोन्ही भाषा एकाच पिशवीतून घरी येतात. मला मराठी समजत होतं, बोलता मात्र येत नव्हतं.

पण "गोकाक" हे नाव घेतलं की गावात लोक गालात हसायचे. कारण होतं. कर्नाटक सरकारनं नेमलेल्या गोकाक समितीनं १९८१ साली अहवाल दिला आणि माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी असं सुचवलं. १९८२ मध्ये त्या अहवालासाठी कर्नाटकात मोठं आंदोलन झालं, नट राजकुमार त्याच्या अग्रभागी होते. पुढं कन्नडसक्तीविरुद्ध सीमाभाग पेटला. १९८६ च्या १ जूनला झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याच्या स्मारकावर दरवर्षी त्या दिवशी फुलं वाहतात. त्याच जूनमध्ये आमच्या बेळगुंदीतही गोळीबार झाला. गावातल्या घरांत ते दुःख चार वर्षांनी, मी आले तेव्हाही, ओलंच होतं.

आणि अशा गावात गोकाकची सून! शेजारच्या काकी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगे बाई, अहवालच घरात आणलास की रे!" मी घाबरले. मामंजी मात्र शांतपणे म्हणाले, "तो अहवाल विनायक कृष्ण गोकाकांचा. ते माणसाचं आडनाव. हिच्या गावाचा काय दोष? हिच्या गावचं करदंट खाऊन बघा आधी." माहेराहून आणलेला करदंटाचा डबा त्या दिवशी रिकामा झाला आणि माझं बस्तान बसलं.

सहा आमदारांची गोष्ट

मामंजी रात्री जेवणानंतर अंगणात बसून जुन्या गोष्टी सांगायचे. इतिहास मी पुस्तकातून शिकले नाही, त्यांच्याकडून शिकले.

बेळगावात १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं आणि तिथंच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. साहित्य संमेलनातून राजकारण सुरू झालं, असं मामंजी अभिमानानं म्हणायचे. आजही उचगाव, कडोली, बेळगुंदी अशा आमच्या भागातल्या गावांत साहित्य संमेलनं भरतात, त्याचं मूळ तिथं आहे. पुढं १७ जानेवारी १९५६ ला बेळगाव जिल्हा मराठी राज्यात जाणार नाही हे कळल्यावर लोक रस्त्यावर आले, गोळीबारात हुतात्मे झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारचा मराठी मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. म्हणून कर्नाटकाचा राज्योत्सव तोच आमच्या गावात काळा दिन.

मग एक छोटा पक्ष राज्याच्या राजकारणात काय करणार? त्यानं एकच गोष्ट मतपेटीतून सांगायचं ठरवलं. १९६२ च्या निवडणुकीत म्हैसूर विधानसभेच्या २०८ जागांपैकी ६ जागा समितीनं जिंकल्या. सहा म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हणेल. पण ते सहा आमदार एकाच कोपऱ्यातून आलेले होते. निवडून देणाऱ्या लोकांचं म्हणणं एकच होतं, आम्हाला या राज्यात राहायचं नाही. ज्या सभागृहात बसायचं, त्याच सभागृहातून बाहेर पडण्यासाठी निवडून जायचं! असा पक्ष दुसरा मी तरी ऐकला नव्हता.

हे सगळं चाललं त्याचा एक परिणाम झाला. सेनापती बापटांनी १९६६ मध्ये उपोषण केलं, केंद्रानं न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला. १९६७ च्या त्यांच्या अहवालानं निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत आणि बेळगाव शहर कर्नाटकातच राहावं असं म्हटलं. महाराष्ट्रानं तो मानला नाही. कर्नाटक अजूनही तोच धरून आहे. मामंजी म्हणायचे, "निपाणीकरांना विचारा, त्यांच्या ताटात वाढलेलं होतं. पण बेळगाव सोडून कोण जेवणार?" निपाणीतल्या आमच्या नातेवाइकांना हे वाक्य अजून टोचतं.

४५६ नावांची मतपत्रिका

आता पावतीची गोष्ट. १९९६ ची लोकसभा निवडणूक. समितीनं ठरवलं, एकच उमेदवार उभा करून तो पडला तर दिल्लीला काय कळणार? त्यापेक्षा शेकड्यांनी उभे राहू. मतपत्रिका अशी करू की देशानं विचारलं पाहिजे, बेळगावात चाललंय काय? गावागावांतून माणसं निघाली. शेतकरी, सुतार, दुकानदार, पेन्शनर. बेळगाव मतदारसंघात त्या वेळी ४५६ उमेदवार उभे राहिले, त्यातले बहुतेक सगळे समितीचे.

मामंजींनी त्या वर्षीच्या रताळ्याच्या पट्टीतून पाचशे रुपये काढून ठेवले होते. अत्ती, म्हणजे सासूबाई, चिडल्या. (मी त्यांना कन्नड रीतीनं अत्ती म्हणे, पुढं सगळं घरच म्हणायला लागलं.) त्या म्हणाल्या, "पावसाच्या आधी छप्पर शाकारायचं हाय, आणि तुम्ही सरकारला पाचशे रुपये दान करायला निघालाय?" मामंजी म्हणाले, "दान नाही, डिपॉझिट. परत मिळतं."

"एकूण मतांच्या सहाव्या हिश्श्याइतकी मतं पडली तर परत मिळतं," आमच्या मंडळींनी हळूच सांगितलं. अत्ती उठून आत गेल्या.

प्रचार कसला, काही नाही. उमेदवारच इतके की प्रत्येक गल्लीत दोन-तीन. लोक पारावर बसून एकमेकांना "काय खासदार, भात लावून झालं?" असं विचारायचे. गंमत होती, पण त्या गमतीखाली एक जिद्द होती. ज्यांनी आयुष्यात कधी तालुक्याच्या कचेरीची पायरी नीट चढली नव्हती, ती माणसं लोकसभेचा अर्ज भरून आली होती.

मतदानाच्या दिवशी हातात मावेना अशी ती मतपत्रिका मिळाली. मामंजींचं नाव शोधायला मला किती वेळ लागला सांगू? बाहेर रांगेतल्या बायका ओरडायला लागल्या, "काय गे, आत नांदायला गेलीस काय?" अखेर नाव सापडलं. आपल्या माणसाचं छापील नाव लोकसभेच्या कागदावर बघून मला भरून आलं, हे मात्र खरं. शिक्का मारला, घडी करायला गेले तर घडी बसेना.

निकाल लागला. निवडून आले जनता दलाचे उमेदवार. मामंजींना दोन आकडी मतं पडली. डिपॉझिट अर्थातच गेलं.

पण त्यांनी एक वही केली होती. घरातली, भावकीतली, पारावरची, ज्यांनी "तुमालाच मारलं" असं सांगितलं त्यांची नावं तिच्यात. निकालाची मतं आणि वहीतली नावं त्यांनी ताडून बघितली. वहीपेक्षा एक मत जास्त होतं. "कमी पडलं असतं तर समजलो असतो, कोणीतरी खोटं बोललं," ते म्हणाले. "पण जास्त? हे कुणाचं?" पुढं कित्येक वर्षं कुणी पाहुणा आला की ते त्याला हे कोडं घालायचे.

त्या निवडणुकीचा परिणाम साऱ्या देशावर झाला. आंध्रात नलगोंड्याला आणि तमिळनाडूत मोडाकुरिचीला त्याच वर्षी असंच झालं होतं, मोडाकुरिचीत तर हजाराहून अधिक उमेदवार होते. मग कायदा बदलला आणि लोकसभेचं डिपॉझिट पाचशेवरून दहा हजारांवर गेलं. अत्ती म्हणाल्या, "बरं झालं. आता पुन्हा उभं राहायची भाषा नको." गरिबाच्या पाचशे रुपयांतून निषेध करायची वाट मात्र बंद झाली. तरी २०१९ च्या लोकसभेला समितीनं पुन्हा तो प्रयत्न केलाच. ५७ उमेदवार झाले आणि यंत्रांवर यंत्रं जोडावी लागली.

उतारा कोण वाचणार?

एवढं सगळं कशासाठी, असं माझ्या माहेरची माणसं विचारायची. रस्ते, पाणी, वीज कर्नाटकाचीच ना? राकसकोपचं पाणी बेळगावला जातं, ते काय भाषा विचारून जातं? प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर मला १९९८ साली मिळालं.

अप्पा आजारी म्हणून मी महिनाभर गोकाकला होते. त्या दिवसांत घरी एक नोटीस आली. पूर्ण कन्नडमध्ये. घरात कन्नड वाचणारी मी एकटी. बाकीच्यांना वाटलं, शेतसाऱ्याचं काहीतरी असेल, सून आली की वाचेल. कागद कोनाड्यात राहिला. मी परत आले तोवर तारीख उलटून गेली होती. नोटीस होती बांधाच्या मोजणीची. आमच्या माघारी मोजणी झाली, दगड सरकला आणि अडीच गुंठे जमीन कागदावरून गेली. ती परत नावावर करायला दोन वर्षं आणि किती खेपा, मोजल्या नाहीत. एका कचेरीत कारकुनानं मामंजींना तोंडावर सांगितलं, "कन्नड कलीरि." कन्नड शिका. साठीच्या माणसाला, त्याच्याच जमिनीसाठी.

मी शेजारीच उभी होते. कन्नडमध्येच त्यांना म्हटलं, कन्नड माझी आई आहे, पण आईच्या नावानं दुसऱ्याला दम द्यायचा नसतो. कारकून गप्प बसला. काम त्या दिवशीही झालं नाही.

भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण जिथं पंधरा टक्के वा त्याहून जास्त आहे, तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतूनही द्याव्यात, हे तत्त्व कागदावर जुनं आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं कलम ३५०-अ आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी अधिकारी नेमण्याचं कलम ३५०-ब आणलं. समितीचे मोर्चे गेली कित्येक वर्षं याच मागणीसाठी निघतात: आम्हाला मराठीत कागद द्या. महाराष्ट्रात जाणं हा मोठा प्रश्न, तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण मराठीत उतारा हा रोजच्या भाकरीचा प्रश्न. ज्याच्या घरात कन्नड सून नाही, त्यानं काय करायचं?

त्यानंतर मामंजींनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. एका संध्याकाळी नातवाची पाटी घेऊन माझ्यासमोर बसले. "शिकव," म्हणाले. "आमचा विरोध सक्तीला हाय, भाषेला नव्हं. आणि आमचा बांध आम्ही वाचला पाहिजे." सहा महिन्यांत त्यांना बसच्या पाट्या आणि उताऱ्यावरचं स्वतःचं नाव वाचता येऊ लागलं. काळ्या दिनाच्या फेरीला ते दंडाला काळी फीत बांधून जायचे, आणि परत येताना बसची पाटी कन्नडमध्ये वाचून बसमध्ये चढायचे. त्यांना यात काही विसंगती वाटली नाही. मलाही नाही.

घरात तीन मतं

समितीचं पुढं काय झालं, हे आपण सगळ्यांनी बघितलं. बेळगाव महापालिका वर्षानुवर्षं समितीच्या हातात होती. २००५ मध्ये पालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, बेंगळुरात महापौरांच्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि पालिका बरखास्त झाली. २०११ मध्ये पुन्हा बरखास्ती. २०१२ मध्ये हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध उभा राहिला, २०१४ मध्ये बेळगावचं बेळगावी झालं. २०२१ च्या पालिका निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या आणि समितीचे नगरसेवक बोटांवर मोजण्याइतके उरले.

विधानसभेचंही तसंच. आमचं गाव पूर्वी उचगाव मतदारसंघात होतं. तिथून समितीचे आमदार कितीदा तरी गेले. २००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली, उचगाव गेलं आणि बेळगाव ग्रामीण आलं. तिथून समितीचा आमदार एकदाही झालेला नाही. २०१३ मध्ये खानापूर आणि बेळगाव दक्षिणमधून दोघे निवडून आले. २०१८ मध्ये समितीचेच दोन गट एकमेकांसमोर उभे राहिले आणि हातात शून्य आलं. राष्ट्रीय पक्षांनी मराठा उमेदवार दिले, मराठीत भाषणं केली, छत्रपतींचे पुतळे उभारले. महाराष्ट्रातले नेते एका हातानं सीमाप्रश्नाला पाठिंबा देतात आणि निवडणुकीत आपापल्या पक्षाच्या प्रचाराला बेळगावात येतात. मग आमच्या पोरांनी कुणाचं ऐकायचं? त्यात समितीचे उमेदवार कागदोपत्री अपक्ष. दर निवडणुकीला नवं चिन्ह, आणि म्हाताऱ्यांना ते पाठ करून द्यायचं.

मध्येच एखादी निवडणूक अशी येते की सगळे चकित होतात. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला १,१७,१७४ मतं पडली, आणि भाजपचा विजय झाला फक्त ५,२४० मतांनी. त्या दिवशी सगळ्या मोठ्या पक्षांनी बेळगावच्या मराठी माणसाची आकडेमोड पुन्हा केली असेल. पण २०२४ च्या लोकसभेला समितीची मतं त्या लाखाच्या जवळपासही गेली नाहीत.

आमच्या घरात २०२३ च्या विधानसभेला तीन मतं होती. मुलगा म्हणाला, "आई, मी काम बघून मत देणार. समिती काय रस्ता करणार हाय?" त्याचे बाबा म्हणाले, "तुझ्या आज्जानं छपराचे पैसे घालवले, त्याचं तरी सोनं कर." आणि अत्ती? त्यांचं वय ऐंशीच्या पुढं. निवडणूक आयोगानं त्यांच्यासाठी घरी येऊन मत घ्यायची सोय केली होती. त्यांनी साफ नकार दिला. "घरात मत दिलं तर कुणाला कळणार मी दिलं म्हणून? मी चालत जाणार." रणरणत्या उन्हात, माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या शाळेपर्यंत गेल्या. मामंजी उभे होते तेव्हा चिडलेली बाई, सत्तावीस वर्षं न चुकता समितीला मत देत होती. त्या निवडणुकीत बेळगाव दक्षिणमध्ये समितीचा उमेदवार दुसरा आला, आमच्या ग्रामीणमध्ये तिसरा. निवडून कुणीच नाही.

संध्याकाळी मुलानं विचारलं, "अत्ती, मत फुकट गेलं की." त्या म्हणाल्या, "मत काय उधारी हाय व्हय रे, परत यायला?"

माझी लेक गडहिंग्लजला दिली आहे. २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात सीमेवर वातावरण तापलं, गाड्यांवर दगड पडले, बस बंद झाल्या. २०२५ च्या फेब्रुवारीतही तेच. कधी तिची डोहाळजेवणाची तारीख पुढं ढकलली, कधी तिला माघारी फिरावं लागलं. अशा वेळी मला दोन्ही राज्यांचा सारखाच राग येतो. नेत्यांच्या बैठका होतात, ठराव होतात, आणि आमच्या लेकी बसस्टँडवर पिशवी घेऊन उभ्या राहतात.

दूरदेशीचं एक घर

छोट्या पक्षाचं काय होतं, हे दुसरीकडं कसं असतं म्हणून मी मुलाला विचारलं. त्यानं जर्मनीची एक गोष्ट सांगितली. तिथं उत्तरेला श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात डॅनिश बोलणारे लोक आहेत. १९२० मध्ये लोकांचं मत घेऊन सीमा ठरली, तरी थोडे डॅनिश लोक अलीकडं राहिलेच. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्यातल्या पुष्कळांना डेन्मार्कमध्ये जायचं होतं. १९४८ मध्ये त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. १९५५ मध्ये दोन्ही देशांनी जाहीर केलं, अल्पसंख्याकांच्या शाळा, भाषा, संस्कृती जपू. विधिमंडळात जायला पाच टक्के मतांची जी अट इतर पक्षांना आहे, ती या पक्षाला माफ केली. २०१२ मध्ये तो पक्ष राज्याच्या सत्तेत बसला, त्यांची एक बाई मंत्री झाली. २०२१ मध्ये त्यांचा एक खासदार देशाच्या संसदेतही गेला.

आमच्या मंडळींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे त्यांनी सीमा सोडली?" मुलगा म्हणाला, "सीमा तिथंच राहिली बाबा. पण कागद त्यांच्या भाषेत आले." दोघंही बराच वेळ बोलले नाहीत. मला दोघांचंही खरं वाटत होतं. बाप म्हणतो, हक्क सोडायचा नाही. लेक म्हणतो, आज जे मिळण्यासारखं आहे ते तरी मिळवा. समितीच्या पुढच्या पिढीला हे दोन्ही एकाच घरात बसून ठरवावं लागणार आहे.

ते मत कुणाचं?

मामंजी २००९ मध्ये गेले. बाराव्याला गोकाकहून अप्पा आले होते. जेवणं झाली, माणसं पांगली, अप्पा आणि अत्ती ओसरीवर बसले होते. बोलता बोलता वहीचा विषय निघाला. अत्ती म्हणाल्या, "शेवटपर्यंत विचारत होते, ते एक मत कुणाचं."

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कन्नडमध्ये म्हणाले, "बीगर हेसरु इत्त. मत्त यारिगे हाकलि?" व्याह्यांचं नाव होतं, मग दुसऱ्या कुणाला घालू?

आमच्या लक्षातच आलं नव्हतं. गोकाक त्याच लोकसभा मतदारसंघात. जी मतपत्रिका आम्हाला मिळाली, तीच अप्पांना. गिरणीतला कन्नड कामगार, ज्यानं आयुष्यात एकदाही सीमाप्रश्नावर तोंड उघडलं नाही, त्यानं त्या ४५६ नावांत आपल्या व्याह्याचं नाव शोधलं आणि शिक्का मारला. आणि तेरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, असं मी विचारलं. "मत सांगायचं नसतं," एवढंच म्हणाले.

अत्ती कितीतरी वेळ पदरानं डोळे पुसत होत्या. मामंजींना हे कळायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

आता अप्पाही नाहीत, अत्तीही गेल्या वर्षीच्या आदल्या वर्षी गेल्या. नात गावच्या मराठी शाळेत जाते. इंग्रजी शाळेत घालावं म्हणून सून मागं लागली होती. शेवटी मराठी शाळा आणि घरी माझ्याकडं कन्नड, असं ठरलं. हा निर्णय बरोबर की चूक, दहा वर्षांनी कळेल. शाळेत पोरं कमी होत आहेत, ही काळजी आहेच.

त्या दिवशी ती पावती तिनं मागून घेतली. मी दिली नाही, फाटायची. पण दाखवली. तिनं पाचशेचा आकडा वाचला, पणजोबांचं नाव वाचलं. मग उताऱ्यावरचं तेच नाव कन्नडमध्ये बोट ठेवत ठेवत लावलं. "दोन्हीकडं तेच हाय की आज्जी," ती म्हणाली.

मी पावती पिशवीत घातली, ट्रंक लावली आणि उरलेला माळा झाडायला घेतला.